टर्मिनलला ‘मठ्ठ’ म्हणण्याआधी : जुन्या होस्ट-जोडण्यांच्या परिभाषेविषयी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत संगणकाच्या वाटचालीवर आलेला लेख मी दोनदा वाचला. जुन्या यंत्रांविषयी मराठीत कोणी एवढे मन लावून लिहिते, याचा मला मनापासून आनंद झाला. तरीही त्यातल्या एका वाक्याविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. त्या काळी बँकांमधली मठ्ठ टर्मिनल्स सर्व्हरला जोडलेली असत आणि स्वतः काहीच करत नसत, अशा आशयाचे ते वाक्य आहे. मी तीस वर्षे मेनफ्रेम संगणकांच्या, म्हणजे बँकांसारख्या मोठ्या संस्थांच्या मध्यवर्ती संगणकांच्या, नेटवर्कची देखभाल केली आणि त्यातली सुरुवातीची बरीच वर्षे मुंबईतल्या एका संगणक केंद्रात रात्रपाळीत गेली. त्या अनुभवाच्या आधाराने सांगते, की या वाक्यातले ‘मठ्ठ’, ‘सर्व्हर’ आणि ‘जोडलेली’ हे तिन्ही शब्द त्या यंत्रांना लागू पडत नाहीत. हा दोष मी लेखकाच्या माथी मारत नाही. या परिभाषेची मराठीत नीट नोंदच झालेली नाही; त्यामुळे इंग्रजीतला जो शब्द हाताशी येतो त्याचे भाषांतर होते, आणि तो शब्द मुळात कोणत्या यंत्रव्यवस्थेतला आहे हे विचारायचे राहून जाते.

आधी ‘मठ्ठ’ घेते. इंग्रजीतल्या ‘डम्ब’ या शब्दाला मुका असाही अर्थ आहे आणि मठ्ठ असाही. मराठीत मात्र दोहोंतला एक निवडावा लागतो. ‘डम्ब टर्मिनल’ हे नाव गाजले ते अमेरिकेतल्या लिअर सिग्लर या कंपनीमुळे. १९७० च्या दशकाच्या मध्यावर तिने एडीएम-३ आणि पाठोपाठ एडीएम-३ए ही स्वस्त टर्मिनल्स बाजारात आणली आणि त्यांची जाहिरात याच नावाने केली. तारेवरून आलेले अक्षर पडद्यावर दाखवायचे आणि दाबलेल्या कळीचे अक्षर तारेवर सोडायचे, एवढेच त्या यंत्राचे काम होते, त्यामुळे ते नाव त्याला शोभत होते. एडीएम-३एच्या एच, जे, के आणि एल या कळांवर चार दिशांचे बाण छापलेले होते, म्हणून बिल जॉय यांनी लिहिलेल्या व्हीआय या मजकूर-संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये कर्सर हलवण्यासाठी त्याच कळा आल्या, आणि आज लिनक्सवर काम करणारी मुले नकळत त्या यंत्राचा वारसा बोटांत बाळगून आहेत.

बँका, विमा कंपन्या आणि विमानतिकिटांची केंद्रे यांच्याकडे आयबीएमची जी टर्मिनल्स होती, ती मात्र निराळ्या घराण्यातली. त्या घराण्याचे नाव ३२७०, आणि ते १९७१ मध्ये आले. त्याचा नेहमीचा पडदा २४ ओळी आणि ८० रकान्यांचा, म्हणजे १९२० अक्षरांचा असे. मेनफ्रेम त्या पडद्याची आखणी एकदाच पाठवत असे: ही जागा फक्त वाचायची, या जागेत फक्त आकडे, या जागेतला मजकूर दिसू द्यायचा नाही, कारण तो पासवर्ड आहे. त्यानंतर कारकून टाइप करत असे, खोडत असे, पुढच्या जागेवर उडी मारत असे, चुकीच्या जागी लिहू लागला तर अडवलाही जात असे, आणि या सगळ्यातले मेनफ्रेमला काहीही कळत नसे. ते सर्व टर्मिनल आणि त्याच्या मागचा कंट्रोलर, म्हणजे अनेक टर्मिनल्स जिला लावलेली असत ती पेटी, मिळून सांभाळत. एंटर किंवा एखादी पीएफ (प्रोग्रॅम फंक्शन) कळ दाबली, की ज्या जागांतला मजकूर बदलला आहे तेवढ्याच जागा एका गठ्ठ्याने मेनफ्रेमकडे जात. छापील अर्ज भरून खिडकीत देण्यासारखाच हा व्यवहार होता. अर्ज भरताना होणारी खाडाखोड खिडकीमागच्या माणसाला कशी कळणार? अशा यंत्राला मठ्ठ म्हणता येत नाही आणि मुकेही म्हणता येत नाही.

डिजिटल कंपनीचे १९७८ मध्ये आलेले व्हीटी१०० हे टर्मिनल याच्या अगदी उलट चालीचे होते. त्यात प्रत्येक अक्षर कळ दाबताक्षणी होस्टकडे, म्हणजे मधल्या मोठ्या संगणकाकडे, जाई, आणि साधारणपणे होस्टने ते परत पाठवले तरच पडद्यावर उमटे. आपल्या रेल्वेच्या संगणकीकृत आरक्षणाची सुरुवात १९८० च्या दशकाच्या मध्यावर दिल्लीत झाली ती डिजिटलच्या व्हॅक्स संगणकांवर. आरक्षण खिडकीतला पडदा आणि बँकेतला पडदा दोन्ही काळ्या काचेवर हिरवी अक्षरे दाखवत, म्हणून बाहेरच्या माणसाला ते एकाच जातीचे वाटले तर नवल नाही. पण देखभाल करणाऱ्याने असा घोळ केला तर तो महागात पडतो. आमच्याकडे नव्याने आलेल्या एका सहकाऱ्याने पूर्वी फक्त व्हीटी टर्मिनल्सवर काम केले होते. एका शाखेतून रात्री फोन आला, की पडद्यावर टाइप होत आहे, पण काम पुढे सरकत नाही. टाइप होत आहे त्या अर्थी लाइन शाबूत आहे, असे त्याने धरले आणि पाऊण तास प्रोग्रॅममधला दोष शोधण्यात घालवला. व्हीटी१०० असते तर त्याचा तर्क बरोबर ठरला असता, कारण तिथे लाइन तुटली की अक्षर उमटणेच थांबते. ३२७० वर लाइन तुटली तरी एंटर दाबेपर्यंत अक्षरे उमटत राहतात. त्या रात्री शाखेतला मोडेम बंद पडला होता. दोन्ही यंत्रांना एकच ‘डम्ब टर्मिनल’ हे नाव लावण्याची सवय त्या पाऊण तासाच्या मुळाशी होती, असे मला आजही वाटते.

आता ‘सर्व्हर’. त्या काळच्या आयबीएमच्या कागदपत्रांत मधल्या मोठ्या संगणकाला ‘होस्ट’ म्हणत. हा शब्द आज इंटरनेटच्या परिभाषेतही आहे, पण तिथे त्याचा अर्थ वेगळा आहे. स्टीव्ह क्रॉकर यांनी एप्रिल १९६९ मध्ये लिहिलेल्या पहिल्या आरएफसीचे, म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक टिपणांच्या मालिकेतल्या पहिल्या टिपणाचे, शीर्षकच ‘होस्ट सॉफ्टवेअर’ असे होते. त्या परंपरेत जाळ्याला जोडलेला आणि स्वतःचा पत्ता असलेला कोणताही संगणक हा होस्ट असतो. माझ्या टेबलावरचा लॅपटॉपही होस्ट आणि दूरचा महासंगणकही होस्ट. आयबीएमच्या जगात मात्र होस्ट एकच, आणि बाकी सारे त्याच्या पंगतीला बसलेले. ‘यजमान’ हे भाषांतर इंटरनेटच्या अर्थाला अजिबात बसत नाही, कारण जिथे सगळेच यजमान तिथे त्या शब्दाला काही अर्थ उरत नाही. आयबीएमच्या अर्थाला मात्र ते चांगले बसते. त्यामुळे यजमान हा शब्द बरोबर की चूक, असे कोणी विचारले तर कोणत्या व्यवस्थेविषयी बोलत आहात हे विचारल्यावरच उत्तर देता येते.

होस्टला सर्व्हर म्हटल्याने आणखी एक गोष्ट उलटी होते. सर्व्हर म्हटले की मागणी करणारा ग्राहक संगणक आपण होऊन जोडणी सुरू करतो आणि सर्व्हर तिला उत्तर देतो, असे चित्र डोळ्यांसमोर येते. आयबीएमने १९७४ मध्ये जाहीर केलेल्या एसएनए या नेटवर्करचनेत हा क्रम असा नव्हता. टर्मिनलवरचा माणूस लॉगऑन असे टाइप करत असे हे खरे, पण ती केवळ विनंती होती. ती व्हीटॅम या, मेनफ्रेमवरून नेटवर्क सांभाळणाऱ्या प्रणालीकडे जाई, व्हीटॅम ती संबंधित अ‍ॅप्लिकेशनला कळवी, आणि मग ते अ‍ॅप्लिकेशन आपल्या बाजूने टर्मिनलकडे ‘बाइंड’ नावाचा संदेश धाडत असे. पडदा केवढा असेल, एका खेपेला किती मजकूर जाईल, बोलण्याची पाळी कोणाची, या साऱ्या अटी त्या बाइंडमध्ये असत. म्हणूनच अ‍ॅप्लिकेशनच्या बाजूला प्राथमिक आणि टर्मिनलच्या बाजूला दुय्यम म्हणत. ग्राहकाने सर्व्हरला जोडून घेतले, असे या व्यवस्थेविषयी लिहिले तर वाक्य वाचायला सोपे होते, पण घडलेली गोष्ट त्यात येत नाही.

दूरच्या शाखांच्या बाबतीत तर टर्मिनलला आपण होऊन बोलण्याची मुभाच नव्हती. एकाच भाड्याच्या लाइनवर अनेक ठिकाणचे कंट्रोलर लावलेले असत आणि मधले नियंत्रण, म्हणजे ३७०५ सारख्या संचार-नियंत्रकातला प्रोग्रॅम, एकेकाला क्रमाने विचारत जाई, की तुझ्याकडे काही आहे का. याला पोलिंग म्हणत. मराठीत मतदानाशी या शब्दाचा सांधा जुळलेला असल्याने ‘पोल येत नाही’ हे वाक्य ऐकून नवख्यांचा गोंधळ उडे. आमच्यातले एक ज्येष्ठ सहकारी नव्या मुलांना शिकवताना ‘पुकारा’ हा शब्द वापरत. कोर्टात आपल्या नावाचा पुकारा झाल्याशिवाय पक्षकाराला बोलता येत नाही, तसे हे, असे ते सांगत. मला हा शब्द फार नेमका वाटतो. भाषांतर करायला बसलेल्या कोणाला तो सुचला नसता. काम करणाऱ्याला तो सहज सुचला.

लेखातल्या ज्या तिसऱ्या शब्दाला माझी हरकत आहे तो म्हणजे ‘जोडलेली’, आणि त्याविषयी मला जरा सविस्तर लिहायचे आहे. आज आपण एक तर जोडलेले असतो किंवा तुटलेले. ३२७० च्या पडद्याखाली, २४ ओळींच्याही खाली, स्थिती दाखवणारी आणखी एक ओळ असे, आणि तिच्या डाव्या कोपऱ्यातल्या चिन्हांत जोडणीच्या वेगवेगळ्या अवस्था दिसत. पहिले चिन्ह कंट्रोलर जागा असल्याचे. त्यापुढचे कंट्रोलर लाइनवर असल्याचे. एसएनए पद्धतीची लाइन असेल तर एक अक्षर, नसेल तर दुसरे. तिसरी जागा सर्वांत महत्त्वाची. तिथे भरीव चौकोन दिसला तर टर्मिनल एखाद्या अ‍ॅप्लिकेशनशी बोलत आहे. चौकटीतला छोटा माणूस दिसला तर ते अ‍ॅप्लिकेशनशी बोलत नसून नेटवर्कच्या मध्यवर्ती नियंत्रणाशी, म्हणजे व्हीटॅममधल्या एसएससीपीशी बोलत आहे. आणि प्रश्नचिन्ह दिसले तर ते कोणाच्याच ताब्यात नाही. सिस्रेक (सिस्टिम रिक्वेस्ट) ही कळ दाबून चौकोनावरून माणसाकडे आणि पुन्हा दाबून माणसाकडून चौकोनाकडे जाता येत असे.

याच ओळीत पुढे फुली दिसली की कीबोर्ड अडवला गेला आहे असे समजायचे, आणि फुलीशेजारचे चिन्ह त्याचे कारण सांगे. घड्याळ असेल तर होस्टचे काम चालू आहे, थांबा. ‘सिस्टिम’ असा शब्द असेल तर होस्टने कीबोर्ड अडवून ठेवला आहे. दोन्हीकडे बाण असलेला माणूस असेल तर तुम्ही लिहू नये अशा जागी लिहीत आहात, रिसेट दाबा आणि दुसरीकडे जा. शाखेतून फोन आला की ‘काय झालं’ असे आम्ही विचारतच नसू. आमचा पहिला प्रश्न ठरलेला असे, ‘तळाच्या ओळीत काय दिसतंय?’ कोकणातल्या एका शाखेतल्या बाई फोनवर न विचारताच सांगत, ‘चौकोन आहे, फुली आहे, घड्याळ आहे.’ एवढ्या शब्दांत कंट्रोलर, लाइन, नियंत्रण आणि अ‍ॅप्लिकेशन या चार टप्प्यांतला दोष कुठे असू शकतो आणि कुठे नाही, हे अर्ध्या मिनिटात ठरत असे. ‘कनेक्शन नाही’ असे त्यांनी म्हटले असते तर आम्हाला चारही टप्पे तपासावे लागले असते.

एकाच टर्मिनलला किती नावे असत, हेही इथे सांगायला हवे. ३२७४ या कंट्रोलरला ३२ पर्यंत उपकरणे लावता येत, प्रत्येक उपकरण स्वतंत्र कोअ‍ॅक्स केबलने. केबल ज्या भोकात शिरते तो पोर्ट. त्याचे आकडे शून्यापासून. त्याच उपकरणाचा एसएनएमधला स्थानिक पत्ता मात्र दोनपासून सुरू होई, कारण शून्य कंट्रोलरच्या पीयूसाठी (फिजिकल युनिटसाठी) होता आणि एक राखीव. म्हणजे पोर्ट शून्य हा पत्ता दोन, आणि पोर्ट सात हा पत्ता नऊ. व्हीटॅमच्या लेखी त्याच टर्मिनलला जास्तीत जास्त आठ अक्षरांचे एलयू (लॉजिकल युनिट) नाव. १९६९ पासून चालत आलेल्या सीआयसीएस या, व्यवहार हाताळणाऱ्या प्रणालीत त्यालाच चार अक्षरांचे वेगळे नाव. आणि शाखेतल्या लोकांच्या लेखी ते ‘तिसऱ्या खिडकीतलं मशीन’. तिसऱ्या खिडकीतले मशीन म्हणजे नेमके कोणते, हे शोधण्यासाठी आमच्याकडे एक हाताने लिहिलेली वही होती, आणि तिच्यावाचून रात्रपाळी करणे अशक्य होते.

‘लॉजिकल युनिट’ आणि ‘फिजिकल युनिट’ या जोडीचे भाषांतर कोशांच्या पद्धतीने ‘तार्किक एकक’ आणि ‘भौतिक एकक’ असे होईल. ते शब्द शब्दाशी जुळतात, पण अर्थ सांगत नाहीत. एलयूमध्ये तर्काचा काही संबंध नाही. सरकारी कचेरीत पद आणि व्यक्ती यांत जो फरक असतो, तो इथे आहे. तहसीलदार बदलून जातात, तहसीलदार हे पद राहते. पत्र पदाच्या नावाने येते आणि त्या दिवशी खुर्चीवर असलेली व्यक्ती ते उघडते. टर्मिनल बदलले तरी एलयूचे नाव तेच राहते आणि सेशन, म्हणजे बाइंडने सुरू झालेला संवाद, एलयूच्या नावाने होते. पीयूच्या बाबतीत तर भाषांतर सरळ चुकीकडे नेते, कारण भौतिक म्हटल्याबरोबर माणूस पेटीकडे बोट दाखवतो, आणि पीयू म्हणजे पेटी नव्हेच. त्या पेटीतल्या साधनांची व्यवस्था पाहणारा आणि वरच्या नियंत्रणाला उत्तर देणारा तो एक कारभारी आहे. पेटीची वीज चालू असते, दिवे लागलेले असतात आणि तरीही पीयू निष्क्रिय असू शकतो. हा प्रसंग माझ्यावर किती वेळा आला याची गणती नाही.

मग या साऱ्यांना मराठी शब्द घडवावेत का? शासनाच्या भाषा संचालनालयाने अनेक विषयांचे परिभाषा कोश काढले आहेत आणि त्या कामाविषयी मला आदर आहे. तरीही या विषयात नामे जशीच्या तशी ठेवावीत, असे माझे मत आहे. एलयू, पीयू, बाइंड, सेशन, कंट्रोलर, पोर्ट ही एका विशिष्ट कारखान्यातल्या हत्यारांची नावे आहेत. ती बदलली तर हत्यार ओळखू येणार नाही. आपली भाषा या कामात खरोखर कुठे राबली, हे पाहायचे असेल तर नामांकडे न पाहता क्रियापदांकडे पाहावे.

आमच्या केंद्रात बोलली जाणारी भाषा आठवून पाहा. लाइन पडली. लाइन पाडली. कंट्रोलर उठला. कंट्रोलर उठवला. सेशन सुटले, सेशन सोडले. सेशन तुटले, सेशन तोडले. सेशन लटकले. टर्मिनल अडकले. इंग्रजीत लाइन ‘डाउन’ आहे म्हटले, तर ती बिघाडाने गेली की कोणी मुद्दाम बंद केली, हे त्या शब्दातून कळत नाही. त्यासाठी दुसरे वाक्य लागते. मराठीत ‘पडली’ आणि ‘पाडली’ यांत एका कान्याचा फरक आहे, आणि त्या कान्यात दोष आणि हेतुपूर्वक केलेली कृती यांतला सारा फरक मावतो. विशेष म्हणजे व्हीटॅमच्या संदेशांतही हाच भेद होता. दूरचे उपकरण आपोआप निकामी झाले तर ‘इनॉप’ (इनऑपरेटिव्ह) मिळाल्याचा संदेश कन्सोलवर येई. चालकाने स्वतः आज्ञा देऊन ते बंद केले तर स्थिती ‘इनॅक्ट’ (इनॅक्टिव्ह) दिसे. आम्ही इनॉपला पडणे आणि इनॅक्टला पाडणे म्हणत असू. हे कोणी ठरवून दिलेले नव्हते. सकाळी पाळी बदलताना ‘पाच नंबरची लाइन रात्री दोन वाजता पडली, मग आम्ही कंट्रोलर पाडून पुन्हा उठवला’ असे सांगितले, की येणाऱ्या माणसाला घटनाक्रम आणि जबाबदारी दोन्ही कळत. हीच गोष्ट इंग्रजी लॉगबुकात लिहिताना ‘लाइन डाउन, कंट्रोलर डाउन, कंट्रोलर अप’ एवढेच उरत असे. पुढे चौकशीची वेळ आली तर ती नोंद कोणाच्याच उपयोगाची नसे.

‘लटकणे’ या क्रियापदाविषयीही लिहावेसे वाटते. व्हीटॅमच्या स्थितींमध्ये पेंडिंग या अर्थाच्या कितीतरी अवस्था होत्या. त्यातली एक आमच्या नित्याच्या परिचयाची होती. होस्टने कंट्रोलरशी संपर्काचा संदेश सोडला आहे आणि पलीकडून उत्तर आलेले नाही, असा तिचा अर्थ. लाइन पाहता ती बंद नाही, चालूही नाही. ‘प्रलंबित’ हा शब्द तिला कागदावर शोभेल, पण प्रलंबित फाइल केव्हातरी आपोआप पुढे जाईल अशी आशा असते. लटकलेला कंट्रोलर पलीकडचे कोणी उठून मोडेम पाहीपर्यंत तसाच राही. म्हणूनच आम्ही फोन करून शाखेतल्या शिपायाला उठवत असू.

याच्या जोडीला दुसरी अडचण आहे ती एकाच शब्दाने दोन घरांत नांदण्याची. आयबीएमच्या भाषेत ‘डेटा सेट’ म्हणजे फाइल. अमेरिकेतल्या टेलिफोन व्यवस्थेच्या भाषेत ‘डेटा सेट’ म्हणजे मोडेम, आणि त्याच अर्थाने तो शब्द संगणक किंवा टर्मिनल आणि मोडेम यांच्यातल्या आरएस-२३२ जोडणीतल्या ‘डेटा सेट रेडी’ या संकेताच्या नावात आजही बसलेला आहे. एका मराठी पाठ्यपुस्तिकेत या संकेताचे भाषांतर ‘माहितीसंच तयार’ असे केलेले मी पाहिले आहे. मोडेम तयार आहे, एवढेच तो संकेत सांगतो. माहितीच्या कोणत्याही संचाशी त्याचा संबंध नाही. ‘गेटवे’ हा शब्द इंटरनेटच्या सुरुवातीच्या दस्तऐवजांत आज ज्याला राउटर म्हणतात त्यासाठी वापरला जाई. ‘डोमेन’ म्हणजे एसएनएमध्ये एका एसएससीपीच्या ताब्यातला सारा मुलूख. इंटरनेटवर तो नावांच्या व्यवस्थेतला शब्द. आणि ‘यूएसएस’ हे लघुरूप तर एकाच यंत्रावर दोन अर्थांनी नांदते: व्हीटॅममध्ये टर्मिनलवरचा स्वागताचा पडदा आणि लॉगऑनची आज्ञा हाताळणारी सेवा, आणि पुढे त्याच मेनफ्रेमवर आलेल्या युनिक्सच्या सुविधा. शब्दकोशात एका शब्दासमोर एक प्रतिशब्द लिहिण्याची पद्धत इथे पुरी पडणार नाही. कोणत्या घरातला शब्द, हे आधी लिहावे लागेल.

हे सारे इतिहासजमा झाले आहे, त्यावर शाई का खर्चावी, असे काही वाचक विचारतील. ती यंत्रे खरोखरच गेली. कोअ‍ॅक्सची भेंडोळी भंगारात गेली. पण ३२७० चा पडदा गेलेला नाही. तो आता संगणकावरच्या एका खिडकीत उघडतो, आणि त्याच्यामागे टीएन३२७० ही पद्धत असते, म्हणजे टेलनेटच्या, दूरच्या संगणकावर काम करण्याच्या इंटरनेटवरच्या जुन्या पद्धतीच्या, वाटेने नेलेला ३२७० चा संवाद. मुंबई-पुण्यातली अनेक मराठी मुले परदेशी बँका आणि विमा कंपन्यांची मेनफ्रेम कामे आजही याच खिडकीतून सांभाळतात. या पद्धतीचा इतिहास परिभाषेच्या दृष्टीने बोलका आहे. जानेवारी १९९४ मधल्या आरएफसी १५७६ मध्ये तेव्हाची प्रचलित रीत नोंदवली गेली. त्या रीतीत एलयूचे नाव मागण्याची सोय नव्हती, छपाईयंत्रांची सोय नव्हती, सिस्रेक आणि अ‍ॅटन या कळांचीही धड व्यवस्था नव्हती. जुने शब्द वगळले गेले तेव्हा त्या शब्दांमागची कामेही वगळली गेली होती. त्याच वर्षी जुलैमध्ये आरएफसी १६४७ आला आणि १९९८ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती २३५५ आली. त्यांत एलयूचे नाव परत आले, छपाईयंत्रे परत आली, त्या कळाही परत आल्या. आज एखाद्या मुलीला खिडकीच्या सेटिंगमध्ये ‘एलयू नाव’ अशी रिकामी चौकट दिसते तेव्हा तिथे काय लिहायचे, कशासाठी लिहायचे आणि रिकामी सोडली तर काय होईल, हे तिला मराठीत समजावून सांगणारे एक पानही मला कुठे सापडलेले नाही. माझ्या भाचीने मला हाच प्रश्न विचारला, आणि तेव्हाच या सगळ्याची उणीव मला पहिल्यांदा तीव्रतेने जाणवली.

म्हणून माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली, की त्या लेखातल्या वाक्याची दुरुस्ती आपण छापावी, आणि ‘मठ्ठ’ऐवजी पडद्याचे काम जागच्या जागी करणारी टर्मिनल्स असे स्पष्ट लिहावे; शब्द वाढले तरी चालतील. दुसरी, की आपल्या पुरवणीत या परिभाषेसाठी काही आठवडे थोडी जागा द्यावी. ज्यांनी बँका, रेल्वे, विमा, बंदरे आणि कारखाने यांतल्या संगणक केंद्रांत ही कामे केली, ती माणसे आता साठीच्या पलीकडे गेली आहेत. प्रत्येकाने आपल्या केंद्रात बोलले जाणारे पाच-दहा शब्द, ते कोणत्या यंत्रावर आणि कोणत्या प्रसंगी वापरले जात यासह पाठवले, तरी बराच ऐवज गोळा होईल. नामांचे प्रतिशब्द घडवून पाठवू नयेत. ऐकलेली, वापरलेली क्रियापदे आणि ‘पुकारा’सारखे शब्द पाठवावेत. डिजिटलच्या व्यवस्थेवर काम केलेल्यांकडे आमच्यापेक्षा वेगळे शब्द असणार, बरोज आणि आयसीएल या कंपन्यांच्या यंत्रांवर काम केलेल्यांकडे आणखी वेगळे. ते एकमेकांत न मिसळता वेगवेगळे नोंदवले जावेत.

आमच्या केंद्रातली पोर्ट आणि एलयूंची ती हाताने लिहिलेली वही केंद्र बंद झाले तेव्हा रद्दीत जाणार होती. माझ्या तेव्हाच्या वरिष्ठांची परवानगी घेऊन मी ती घरी आणली. शाखांची आणि माणसांची नावे असलेली पाने वगळून तिच्या मागच्या बाजूला आम्ही टिपून ठेवलेले शब्द आणि त्यांचे अर्थ मी टंकलिखित करून आपल्या कार्यालयाकडे येत्या आठवड्यात पाठवते.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त नेटवर्क सिस्टिम प्रोग्रॅमर, डोंबिवली